दोन माणसांचा कुकर

हा दोन लिटरचा स्टीलचा कुकर मी गेल्या गणपतीच्या आधी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानातून घेतला. १,८५० रुपये पडले. तेव्हापासून तो रोज एकदा, काही दिवशी दोनदा शेगडीवर चढतोय, त्यामुळे आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे माप तीन-चार चांगल्या कंपन्या काढतात आणि मला सांगायचंय ते मापाबद्दल. मुलं शिकायला, नोकरीला, लग्न होऊन बाहेर पडलीत आणि मागे दोघंच उरलीत, अशा घरांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मी ६८ वर्षांची. नौपाड्यात राहते. मुलगी घोडबंदर रोडला दिली, मुलगा बंगळुरूला गेला त्याला आता तीन वर्षं होतील. त्यातली पहिली दोन वर्षं मी आमच्या जुन्या पाच लिटरच्या कुकरमध्येच दोघांचा स्वयंपाक करत होते. ती चूक होती, आणि ती लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

पाच लिटरच्या कुकरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ घालून बघा. तळाला नुसता थर दिसतो. एवढ्याशा तांदळासाठी एवढं भांडं तापवायचं हे मनाला पटत नाही आणि हात आपोआप दीड वाटीकडे जातो. हाताला चाळीस वर्षांची सवय. डाळीचंही तसंच. मग उरलेलं फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीचा भात, दुपारी कालचं वरण पाणी घालून, रात्री त्याच वरणाची आमटी. ताजं शिजवायचं तर आधी फ्रिज रिकामा करायचा, आणि फ्रिज कधी रिकामा व्हायचाच नाही.

ह्यांना २०१४ पासून डायबेटिस आहे. भात मोजून खायचा हे तेव्हाच ठरलेलं, आणि घरात माणसं होती तोपर्यंत ते नीट चालायचं, कारण ह्यांचा वाटा मुलगा खायचा. मुलगा गेल्यावर उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून आम्हीच खाऊ लागलो. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ७.१ होतं ते ८.४ झालं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काय बदललं?" आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो, "काहीच नाही." घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दुखणं नेमकं तेच आहे. खाणारी माणसं बदलली आणि भांडं तेच राहिलं.

शिल्लक अन्न टाकून का दिलं नाही, असं मुलगी विचारते. नाही टाकवत. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. चेंदणीला चाळीत दोन खोल्या, नऊ माणसं. वडील साताऱ्याकडचे, घरात भाकरीशिवाय जेवण नाही, आणि त्या वर्षी रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. लालसर, जाड सालीची ज्वारी ती. आई गरम पाण्यात पीठ मळायची तरी थापताना कडा फाटायच्या, आणि गार झाली की भाकरी चामड्यासारखी व्हायची. उरलेल्या भाकरीचे तुकडे दुसऱ्या दिवशी ताकात भिजवून, वर लसणाची फोडणी देऊन आई वाढायची, आणि त्यातही तिच्या वाटणीला किती आलं हे आम्ही कधी पाहिलं नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना भात कचऱ्यात घालायला सांगू नये. त्यापेक्षा कमी शिजेल अशी सोय करावी.

पाच लिटरच्या कुकरविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हेही सांगते. १९८१ मध्ये लग्न झालं तेव्हा माझ्या ऑफिसमधल्या बायकांनी वर्गणी काढून दिलेला तो हॉकिन्स आहे. हॉकिन्सचा कारखाना आपल्या ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये, त्यामुळे त्याचं आम्हाला फार अप्रूप. आमचे हे वागळे इस्टेटमध्येच एका इंजिनिअरिंग कंपनीत लेथवर होते. एमआयडीसीची ती पहिली औद्योगिक वसाहत, आणि त्या काळी सकाळी सातला स्टेशनकडून तिकडे जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. लग्नानंतर पहिली चार वर्षं गॅसचा नंबर लागला नव्हता, तेव्हा हा कुकर वातीच्या स्टोव्हवर चढायचा. तळाला काजळी धरायची, रविवारी राखेनं घासायचा. तीन डबे आत बसायचे: खाली तुरीची डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा दुधी. कुकर लावायचा आणि आंघोळीला जायचं. सहा माणसांचं घर त्या एका शिट्टीवर चालायचं.

त्या कुकरनं माझं खाणंही बदललं. माहेरी भाकरी, झुणका, कांदा-लसूण मसाला. सासर मालवणकडचं, म्हणजे भात, सोलकढी आणि प्रत्येक वाटपात ओला नारळ. पहिल्या वर्षी मला दुपारी तीन वाजता परत भूक लागायची, भातानं पोट भरल्यासारखं वाटायचंच नाही. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण एक दिवस पिठाच्या डब्यांत ज्वारीच्या पिठाचा एक डबा वाढलेला दिसला. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालायची, पण चावायची नाहीत, हे त्यांनी मला शिकवलं. मी त्यांना तव्यावर खरपूस झुणका करायला शिकवलं. पुढे नोकरी, ८.१२ ची लोकल, येताना डब्यात बसून पालेभाजी निवडायची आणि मटार सोलायचे. समोरची बाई कोण कुठली माहीत नसताना ती आपल्या जुडीतली निम्मी मेथी निवडून द्यायची. मग मुलांचे डबे, मग मुलांनी आणलेली मॅगी आणि पावभाजी. प्रत्येक वेळी कुकरमध्ये काय शिजतं ते बदललं. तो किती मोठा असावा हा प्रश्नच आला नाही, कारण घर भरलेलं होतं.

आता नव्या कुकरकडे येते.

दुकानदार ओळखीचे. ते म्हणाले, "काकू, तीन लिटर घ्या. पाहुणे आले की दोन लिटरला पस्तावाल." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण मी त्या सल्ल्याच्या विरुद्ध गेले आणि बरं केलं असं आज वाटतं. पाहुणे वर्षातून वीस दिवस येतात, आणि त्या वीस दिवसांसाठी पाच लिटरचा माळ्यावर आहेच. उरलेल्या साडेतीनशे दिवसांसाठी भांडं घ्यायचं तर ते आपल्या दोघांच्या भुकेच्या मापाचं हवं. तीन लिटरचा घेतला असता तर पुन्हा वाटीभर तांदूळ जास्त पडले असते, हे मला माझ्या हातावरून माहीत आहे.

घेताना तीन गोष्टी बघा. आयएसआयचा छाप हवा, त्यात तडजोड नाही. बूड जाड हवं. स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो तो प्रकार. साध्या पातळ स्टीलच्या कुकरमध्ये खिचडी तळाला धरते, कारण स्टील उष्णता पसरवत नाही, ज्योतीच्या वरचा भाग तेवढा तापतो. आणि तिसरं म्हणजे तोंड रुंद हवं. उंच, अरुंद कुकरमध्ये डावही नीट फिरत नाही आणि हात घालून घासताही येत नाही.

पहिल्या दिवशी डाळ कच्ची राहिली. तीन शिट्ट्या केल्या होत्या, चाळीस वर्षं करत आले तशाच. दुसऱ्या दिवशी चार केल्या, तरी दाणा दाताखाली येत होता. मला वाटलं वस्तूत दोष आहे, परत न्यावी. मग शांतपणे विचार केला. मोठ्या कुकरमध्ये पाणी जास्त, धातू जास्त. गॅस बंद केल्यावरही वाफ जिरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळात आतलं अन्न शिजतच असतं. छोटा कुकर पटकन तापतो, पटकन शिट्टी देतो आणि पटकन गार होतो. म्हणजे शिट्ट्या तेवढ्याच झाल्या तरी शिजण्याचा एकूण वेळ जवळजवळ निम्मा. आत वाफेचा दाब पूर्ण धरला की तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, ते छोट्यातही तेवढंच. कमी पडतो तो वेळ. म्हणून आता मी शिट्ट्या मोजत नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करते आणि घड्याळ लावते. तुरीची डाळ भिजवलेली असेल तर आठ मिनिटं, मूग डाळ चार, भिजवलेली चवळी दहा, छोले वीस. झाकण आपोआप सुटेपर्यंत हात लावत नाही. ही एक गोष्ट कळली नाही तर छोटा कुकर घेणारा प्रत्येक माणूस आठवड्यात कंटाळून तो माळ्यावर टाकेल.

डाळ थेट कुकरमध्ये शिजवली की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, ओटा आणि मागची फरशी रंगते. डाळीला फेस येतो आणि छोट्या कुकरमध्ये फेसाला वर जागाच नसते. डाळ-तांदळासाठी कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, म्हणजे दोन लिटरच्या कुकरमध्ये डाळ, पाणी सगळं मिळून एक लिटर. पाव चमचा तेल घातलं आणि आच बारीक ठेवली तर बरंच थांबतं. तरी फेस नळीत अडकू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी शिट्टी काढून नळीतून उजेड दिसतो का ते मी बघते. सासूबाई बघायच्या, मी त्यांचं बघून बघते.

पण माझी खरी अडचण वेगळी होती. आपल्याकडे 'कुकर लावणे' म्हणजे एकावर एक डबे ठेवून वरण आणि भात एकदम शिजवणे. दोन लिटरच्या कुकरबरोबर डबे येत नाहीत आणि बाजारातले डबे आत बसत नाहीत. दुकानात जाऊन चार प्रकारचे बघितले, एकाच्या कडा अडकतात, दुसऱ्याचं झाकण लागत नाही. पंधरा दिवस मी नुसती खिचडी आणि एका वेळी एकच पदार्थ करत होते. मग एका दुपारी माळ्यावरची पिशवी उघडली. तिच्यात ह्यांचा कंपनीत न्यायचा तीन खणांचा डबा होता. कंपनी २००३ मध्ये बंद झाली तेव्हापासून तो तसाच बांधून ठेवलेला. त्याचा एक खण कुकरमध्ये घालून बघितला. बरोबर बसला, भोवती बोटभर जागा. दुसरा त्याच्यावर ठेवला, झाकण लागलं. बाजूला दुकानात कोरून घेतलेलं ह्यांचं आडनाव आणि १९८१ हा आकडा. कोरलेल्या अक्षरांच्या खाचा बोटाला अजून लागतात, पण आकड्यातला शेवटचा एक घासून घासून जवळजवळ गेलाय. मी कितीतरी वेळ ते दोन खण हातात घेऊन ओट्याशी उभी होते. एका माणसाच्या दुपारच्या जेवणाचा तो खण, त्यात आता आम्हा दोघांचा भात शिजतो आणि पुरतो. आमची भूक किती उतरली आहे हे मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या खणानं जास्त नीट सांगितलं.

आता रोजचं असं आहे: खालच्या खणात अर्धी वाटी तुरीची डाळ, हळद, हिंग. वरच्या खणात अर्ध्या वाटीला थोडे कमी तांदूळ. कुकरच्या तळाला पेलाभर पाणी. दहा मिनिटं बारीक आचेवर. खणात डाळ असली की फेसाचाही त्रास नाही. रात्री उरतं ते जास्तीत जास्त डावभर वरण. ते सकाळी भाकरीच्या पिठात मळलं की संपलं.

माप अर्धं केलं की सगळंच अर्धं होत नाही, हे मी या नऊ महिन्यांत शिकले. मीठ अर्धं होतं. पाणी अर्ध्यापेक्षा जास्त लागतं, कारण वाफ होऊन जाणारं पाणी जवळजवळ तेवढंच असतं. फोडणीचं तेल अर्धं केलं तर मोहरी तडतडायच्या आधी जळते, म्हणून मी छोटी लोखंडी पळी वापरते, तिच्यात एक चमचा तेलही खोल राहतं. वाटणाचं सर्वात अवघड. दोघांसाठी अर्धी वाटी ओलं खोबरं मिक्सरच्या भांड्यात पात्यांच्या वरच फिरत राहतं. मी आठवड्याचं वाटण एकदम करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. चवीत थोडा फरक पडतो, खोटं कशाला बोलू. ज्या दिवशी बांगडा आणते त्या दिवशी खलबत्त्यातच कुटते.

कडधान्यांसाठी हा कुकर फारच छान आहे. आमचे दात आता पूर्वीचे राहिले नाहीत. ह्यांच्या खालच्या दाढा काढल्या, मटकीची उसळ ते बाजूला सारायचे. पातेल्यात शिजवलेली मटकी मला आवडते, दाणा अख्खा राहतो, पण आता दाणा अख्खा राहून चालत नाही. कुकरमध्ये मोड आलेली मटकी तीन मिनिटांत बोटानं चेपते आणि आकारही टिकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहाराच्या मार्गदर्शनातही डाळी-कडधान्यं उकडून किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवावीत असं म्हटलंय, ते वाचून ह्यांची खात्री पटली. माझी आधीच पटली होती.

आता खटकणाऱ्या गोष्टी. तळ लहान असल्यानं शेगडीच्या मोठ्या बर्नरवर ज्योत बाजूनं वर येते आणि हँडलला झळ लागते. छोटा बर्नर वापरला तर तिथल्या जाळीवर कुकर डगमगतो. मी बाजारातून जाळीवर ठेवायची लोखंडी चकती आणली, साठ रुपयांची, ती नसती तर मी धास्तीतच वावरले असते. रबर रिंग सहा महिन्यांत सैल झाली. नवीन आणायला तीन दुकानं फिरावी लागली, सगळ्यांकडे तीन आणि पाच लिटरच्याच. कुकर घ्याल त्याच दिवशी एक जादा रिंग घेऊन ठेवा. चिकन यात करू नका, रस्सा करायला जागाच नाही. आणि झाकणाची दांडी लावताना जोर लागतो. माझ्या अंगठ्याच्या सांध्याला सूज असते त्या दिवशी हेच लावून देतात.

हे मात्र नवीन झालं. पाच लिटरच्या कुकरला ह्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. तो भरलेला उचलणं, वाफ, ते सगळं माझं खातं. हा छोटा ओट्यावर बघून ते स्वतःहून म्हणाले, "हा मला जमेल." लेथवर काम केलेला माणूस, माप एकदा कळलं की चुकत नाही. मी मोजून दाखवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. आता मंगळवार आणि शुक्रवार ते लावतात. मी नाटकाला किंवा मुलीकडे गेले तर घरी वरण-भात झालेला असतो. सासूबाई असत्या तर मुलाच्या हातचं वरण जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

मार्चमध्ये एचबीए१सी ७.३ आलं. त्यात औषध वाढवलेलं आहे, चालणं आहे. सगळं श्रेय कुकरला देत नाही. पण सकाळचा फोडणीचा भात बंद झालाय, आणि त्याच्या जागी ज्वारीची भाकरी आलीये. मिलोच्या वर्षी आम्ही गव्हासाठी जीव टाकायचो, आणि आज माझ्या वाण्याकडे चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. मी ती आनंदानं घेते. गरम पाण्यात पीठ मळताना आईचे हात आठवतात, आणि हिच्या कडा फाटत नाहीत.

मुलगी मागच्या रविवारी आली होती. नातू दहा वर्षांचा, तो पाव किलो तांदळाचा भात एकटा संपवेल अशी त्याची भूक. माळ्यावरून पाच लिटरचा काढला, तीन डबे लावले, शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या वहिनींनी दारातून विचारलं, "आज कोण आलंय?" नऊ महिन्यांत त्यांना आमच्या छोट्या कुकरच्या शिट्टीची सवय झालीये. रात्री सगळे गेल्यावर मोठा पुसून परत वर ठेवला, आणि डब्याच्या दोन खणांत उद्याची चवळी भिजत घातली.